भुलीचा वाया जाणारा गॅस आधी थांबवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हवामान बदलावर तुमच्या पेपरात बरंच छापून येतं, गाड्यांचा धूर, कोळशाची वीज, प्लास्टिक, विमानं, सगळ्यावर येतं आणि ते यायलाच पाहिजे, पण हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमधून दिवसभर हवेत सोडल्या जाणाऱ्या गॅसबद्दल मी आजवर कुठल्याच पेपरात नीट काही वाचलेलं नाही. मी भूलतज्ज्ञ आहे, हे गॅस रोज माझ्याच हातून वापरले जातात, म्हणून वाटलं की आपणच लिहावं. पत्र लांबलंय, कापायचं असेल तर कापा, पण नायट्रस नावाच्या गॅसच्या पाइपलाइनचा भाग तेवढा ठेवा ही विनंती, कारण खरं नुकसान तिथेच आहे.

आधी हे गॅस जातात कुठे ते सांगते. पूर्ण भूल देताना पेशंटला झोपवायला बहुतेक वेळा शिरेतून इंजेक्शन देतात आणि मग ऑपरेशन संपेपर्यंत झोप टिकवायला ऑक्सिजनबरोबर भुलीचं औषध वाफेच्या रूपात फुफ्फुसात सोडतात. सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन, डेसफ्लुरेन ही ती औषधं, बाटलीत पातळ असतात, मशीनवरच्या व्हेपोरायझरमध्ये ओतली की तिथून त्यांची वाफ पेशंटकडे जाते. जोडीला अनेक ठिकाणी नायट्रस ऑक्साइड, ज्याला लोक लाफिंग गॅस म्हणतात तो. आणि ही औषधं शरीरात जवळजवळ खर्चच होत नाहीत. सेव्होफ्लुरेनचा २ ते ५ टक्के भाग लिव्हरमध्ये तुटतो, आयसोफ्लुरेनचा ०.२ टक्के, डेसफ्लुरेनचा ०.०२ टक्के, आणि नायट्रस तर जसा आत गेला तसाच बाहेर येतो. बाकी सगळं पेशंटच्या उच्छ्वासातून परत. थिएटरमधल्या स्टाफने ते दिवसभर हुंगू नये म्हणून मशीनला स्कॅव्हेंजिंगची नळी असते, ती हा गॅस ओढून घेते आणि इमारतीबाहेर, बऱ्याच ठिकाणी छतावर, नेऊन सोडते. तिथे फिल्टर वगैरे काही नसतो. स्टाफचं रक्षण होतं, आणि ते व्हायलाच हवं, पण गॅस जातो सरळ आभाळात.

आभाळात जाऊन विरून जातो असं समजू नका. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आल्प्समधल्या युंगफ्राउयोखपासून पार अंटार्क्टिकापर्यंतच्या हवेच्या नमुन्यांत ही तिन्ही औषधं सापडली होती. प्रमाण अगदी सूक्ष्म, पण जिथे आसपास एकही ऑपरेशन थिएटर नाही तिथे पोचलेली.

हवा तापवण्याची ताकद मोजायला कार्बन डायऑक्साइड १ धरतात आणि १०० वर्षांत त्याच वजनाचा दुसरा गॅस किती पट उष्णता अडवतो ते बघतात. सेव्होफ्लुरेन १३० ते २०० पट, कुठला अहवाल घ्याल त्यावर आहे, आयसोफ्लुरेन ५०० च्या वर, नायट्रस २७३, आणि डेसफ्लुरेन अडीच हजाराच्या वर. बाटलीच्या हिशोबात सांगायचं तर सेव्होफ्लुरेनची २५० मिलीची एक बाटली हवेत सोडली की साधारण ५० ते ७५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं, आणि डेसफ्लुरेनची २४० मिलीची बाटली म्हणजे जवळजवळ ९०० किलो. त्यात डेसफ्लुरेन हे कमी ताकदीचं औषध, सेव्होफ्लुरेनने मोठ्या माणसाला साधारण २ टक्क्यांत जे काम होतं त्यासाठी याचे ६ टक्के लागतात, म्हणजे बाटलीही लवकर संपते. दोन्ही बाजूंनी मार.

डेसफ्लुरेनबद्दल मला स्पष्टच म्हणायचंय, रोजच्या वापरातून ते बंद करा. त्याची बाजू मला माहीत आहे, पेशंट लवकर जागा होतो, खूप वजनदार पेशंटमध्ये आणि लांबलेल्या ऑपरेशनमध्ये फरक जाणवतो, ते खोटं नाही. पण सेव्होफ्लुरेन वेळेवर कमी करत आणलं तर हा फरक बहुतेक वेळा मिनिटांचाच राहतो, आणि तेवढ्यासाठी इतकी मोठी किंमत हवेने मोजावी असं मला तरी वाटत नाही. स्कॉटलंडने २०२३ मध्ये आपल्या सरकारी आरोग्यसेवेतून डेसफ्लुरेन काढून टाकलं, इंग्लंडने २०२४ मध्ये, आणि युरोपियन युनियनच्या २०२४ च्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून त्याचा वापर बंद केलाय, दुसरा पर्याय चालतच नसेल असं वैद्यकीय कारण असेल तरच मुभा. तिथली ऑपरेशनं थांबली नाहीत, पेशंट उठायचे थांबले नाहीत.

आता फ्लोबद्दल, म्हणजे मशीनमध्ये मिनिटाला किती लिटर नवीन गॅस सोडतो त्याबद्दल, कारण यात औषध बदलायचीसुद्धा गरज नाही. भुलीच्या मशीनमध्ये गॅस गोल फिरतो, पेशंटने सोडलेला श्वास सोडा लाइमच्या डब्यातून जातो, तिथे कार्बन डायऑक्साइड शोषला जातो आणि उरलेलं औषध परत पेशंटकडे येतं. म्हणजे एकदा औषध आत भरलं की नवीन गॅस अगदी थोडा लागतो, शरीर जेवढा ऑक्सिजन वापरतं तेवढा आणि वर थोडासा. तरीसुद्धा फ्लोमीटर ४ लिटर, ६ लिटरवर तासन्‌तास ठेवलेला मी कितीतरी थिएटरमध्ये बघितलाय. जास्तीचा सगळा गॅस पेशंटपर्यंत पोचून परत फिरण्याऐवजी सरळ स्कॅव्हेंजिंगच्या नळीत. आमच्यात एक साधा हिशोब वापरतात, मिनिटाला किती लिटर गुणिले किती टक्के गुणिले ३, म्हणजे तासाला किती मिली औषध लागेल ते. ६ लिटरवर २ टक्के म्हणजे तासाला ३६ मिली. तोच फ्लो १ लिटरवर आणला तर ६ मिली, कमी फ्लोवर व्हेपोरायझरचा डायल थोडा वर ठेवावा लागतो म्हणून धरा ७-८ मिली. पेशंटच्या मेंदूत औषधाचं प्रमाण तेवढंच, झोप तेवढीच गाढ, मॉनिटरवर आकडा तोच.

एक प्रसंग रोज घडतो तो सांगते, कारण बाहेरच्या माणसाला हे दिसत नाही. पेशंट झोपलाय, मास्कने ऑक्सिजन आणि सेव्होफ्लुरेन चालू आहे, फ्लो ६ लिटर किंवा त्याहून जास्त. आता श्वासनलिकेत ट्यूब घालायची म्हणून मास्क बाजूला केला जातो. तेवढा वेळ सर्किटचं, म्हणजे मशीनपासून पेशंटपर्यंतच्या नळ्यांचं, तोंड उघडं, आणि व्हेपोरायझर चालू, फ्लो चालू, सगळी वाफ थिएटरमध्ये, म्हणजे ट्यूब घालणाऱ्याच्याच तोंडावर. इथे मास्क काढायच्या आधी फ्लोचा नॉब बंद करायचा, व्हेपोरायझर तसाच राहू दे, ट्यूब घालून सर्किट जोडलं की फ्लो परत चालू. व्हेपोरायझर बंद करून फ्लो चालू ठेवला तर सर्किटमध्ये साठलेलं औषध धुतलं जातं आणि मग परत भरायला अजून औषध लागतं, म्हणून फ्लोच बंद करायचा. दोन सेकंदांचं काम आहे. ज्युनियर डॉक्टरांना पहिल्या आठवड्यात हे शिकवलं तर जन्मभर हाताला सवय राहते, आणि नाही शिकवलं तर उलटी सवयसुद्धा जन्मभरच राहते. हे फक्त भूलतज्ज्ञांवर सोडून चालणार नाही, ओटी टेक्निशियनला हे कळलेलं असेल तर तो आठवण करतो, आणि चांगला टेक्निशियन आठवण करायला घाबरत नाही.

कमी फ्लोला अटी आहेत, त्या न सांगता पुढे जाणं बरोबर नाही. आत जाणारा ऑक्सिजन आणि भुलीच्या औषधाचं प्रमाण दाखवणारा मॉनिटर पाहिजेच, कारण कमी फ्लोवर डायलचा आकडा आणि पेशंटला खरंच मिळणारं प्रमाण यात फरक पडतो. ज्या छोट्या हॉस्पिटलमध्ये असा मॉनिटर नाही तिथे फ्लो फार खाली नेऊ नका, आधी मॉनिटर घ्या. मशीन जुनं आणि गळकं असेल तर ते दुरुस्त करा. लहान मुलाला मास्कने झोपवताना सुरुवातीला फ्लो जास्त लागतोच, तिथे कोणी काटकसर करू नये. सोडा लाइम जास्त खर्च होतो, त्याचा रंग बदलला की बदलावा लागतो, पण वाचलेल्या औषधापुढे तो खर्च किरकोळ आहे. सेव्होफ्लुरेन कमी फ्लोवर वापरलं तर कंपाउंड ए नावाचा पदार्थ तयार होऊन किडनीला त्रास होईल ही भीती जुनी आहे, ती उंदरांवरच्या प्रयोगांतून आली, माणसांत तसं नुकसान दिसलेलं नाही, आणि आता ज्यात तीव्र अल्कली नाही असे शोषक मिळतात, त्यांत हा पदार्थ बनतच नाही.

आता नायट्रस. १८४४ मध्ये दंतवैद्य होरेस वेल्सने स्वतःचा दात नायट्रस हुंगून काढून घेतला होता, तेव्हापासून हा गॅस आमच्या सोबत आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल एक आपुलकी आहे आणि ती मी समजू शकते. पण हवेत गेलेला नायट्रस शंभर वर्षांहून जास्त टिकतो, सेव्होफ्लुरेन एक-दोन वर्षांत संपतं, आणि वर नायट्रस ओझोनच्या थरालाही खातो. मिनिटाला १ लिटर नायट्रस एक तास वापरला तर साधारण ११० ग्रॅम होतो, म्हणजे ३० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा परिणाम. आणि त्याची गरज किती? पूर्ण भुलीत ऑक्सिजनबरोबर नायट्रसऐवजी साधी मेडिकल एअर वापरता येते, दुखणं कमी करायला आज कितीतरी चांगली औषधं आहेत, नायट्रसने ऑपरेशननंतर उलट्यांचं प्रमाण वाढतं हेही सगळ्यांना माहीत आहे. म्हणून बऱ्याच भूलतज्ज्ञांनी तो वापरणं कमी केलंय, काहींनी पूर्ण सोडलाय.

पण हॉस्पिटलची खरेदी मात्र तेवढी कमी होत नाही, आणि याचं कारण भुलीच्या मशीनपाशी शोधून सापडणार नाही, ते मॅनिफोल्ड रूममध्ये आहे. मोठ्या हॉस्पिटलमध्ये नायट्रसचे मोठे सिलिंडर एका खोलीत दोन रांगांत जोडलेले असतात, तिथून पाइप भिंतींतून, फॉल्स सीलिंगवरून प्रत्येक थिएटरपर्यंत जातो. एक रांग संपली की ऑटोमॅटिक दुसरी रांग चालू होते, माणूस येतो, रिकामे सिलिंडर काढतो, भरलेले लावतो, रजिस्टरमध्ये सही करतो. आता या पाइपला शेकडो जोड, व्हॉल्व्ह, भिंतीतली आउटलेट्स, कुठे वॉशर जुना झालाय, कुठे जोड ढिला झालाय, आणि लाइनमध्ये प्रेशर चोवीस तास, रविवारी थिएटर बंद असतानासुद्धा. गळतोय हे कोणाला कळणार? वास जवळजवळ नाही, आवाज खोलीतल्या बाकीच्या यंत्रांच्या आवाजात बुडतो. गेज बघून कळेल म्हणावं तर तेही नाही, कारण सिलिंडरमध्ये नायट्रस द्रवरूप असतो आणि जोपर्यंत आत थेंबभर द्रव शिल्लक आहे तोपर्यंत गेजचा काटा जवळजवळ तिथेच, पन्नास बारच्या आसपास, उभा असतो. अर्धा सिलिंडर गळून गेला तरी काटा हलत नाही. ऑक्सिजनच्या सिलिंडरचं गेज बघायची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो. किती उरलंय ते कळायला सिलिंडर वजनकाट्यावरच ठेवावा लागतो, आणि मॅनिफोल्डला जोडलेला सिलिंडर उचलून रोज वजन कोण करतं?

एडिनबर्गच्या हॉस्पिटलमध्ये काही वर्षांपूर्वी खरेदी केलेला नायट्रस आणि पेशंटना खरंच दिलेला नायट्रस यांचा ताळा घातला तेव्हा बहुतांश गॅस पेशंटपर्यंत पोचतच नाही असं निघालं. नंतर इतर देशांतल्या हॉस्पिटलांनी आपापला हिशोब केला तर तिथेही चित्र तेच. म्हणून तर अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये सेंट्रल पाइपलाइन बंद करा आणि लागेल तिथे मशीनला छोटा सिलिंडर लावा असं अधिकृतपणे सांगितलं. मला हा सगळ्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो, कारण जो गॅस कुठल्याच पेशंटने घेतला नाही त्याच्याबद्दल पेशंटच्या सुरक्षिततेचा वादच येत नाही. भुलीची पद्धत कुठली चांगली यावर आम्ही डॉक्टर आपसात कितीही भांडू, पण भिंतीतून गळणाऱ्या गॅसच्या बाजूने कोण बोलणार आहे?

आपल्या हॉस्पिटलमध्ये किती गळतंय हे कळायला यंत्र विकत आणावं लागत नाही. वर्षभरात किती किलो नायट्रस आला ते स्टोअरच्या बिलांवर असतं. थिएटरमध्ये किती वापरला ते अंदाजे काढता येतं, किती केसना दिला, किती लिटर फ्लोवर, किती वेळ, नव्या मशीनमध्ये तर तो आकडा स्क्रीनवरच येतो. दोन आकडे शेजारी ठेवा, बस. आणि अजून खात्री हवी असेल तर सगळी थिएटरं रिकामी असताना, सगळ्यांना आधी कळवून, मॅनिफोल्डकडचा व्हॉल्व्ह बंद करायचा, लाइनचं प्रेशर लिहून ठेवायचं आणि काही तासांनी परत बघायचं. कोणीच वापरत नसताना प्रेशर उतरलं तर ते कुठून तरी जातंयच. मात्र हे काम बायोमेडिकल इंजिनीअर, भूल विभाग आणि मेन्टेनन्स तिघांनी मिळून करायचंय, एकट्याने परस्पर व्हॉल्व्ह फिरवायचा नाही. पाइपलाइन कायमची बंद करताना आउटलेटवर स्पष्ट पाटी, अलार्मची नवीन जुळणी, मशीनला लावलेल्या छोट्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह वापर नसताना बंद, हे सगळं लेखी हवं. आणि नवीन हॉस्पिटल बांधणाऱ्यांना तर हात जोडून विनंती, नायट्रसचा पाइप टाकूच नका. भिंतीत एकदा गेलेला तो पाइप पुढे सगळ्यांच्या गळ्यात पडतो.

एका बाबतीत मात्र मी आमच्या पर्यावरणवादी सहकाऱ्यांशी सहमत नाही. बाळंतपणाच्या कळांसाठी नायट्रस आणि ऑक्सिजनचं अर्धं-अर्धं मिश्रण बाई स्वतः मास्क धरून घेते, तेसुद्धा बंद करा असं कोणी कोणी म्हणतं. आधी पाठीतल्या कॅथेटरमधून एपिड्युरल देणारा माणूस चोवीस तास उपलब्ध करा, मग त्या बाईच्या हातातला मास्क काढून घ्यायची गोष्ट करा. स्वीडनमध्ये उच्छ्वासातला नायट्रस गोळा करून उत्प्रेरकावर त्याचं नायट्रोजन आणि ऑक्सिजन करणारी यंत्रं बरीच वर्षं वापरात आहेत, हा मार्ग आहे. गळती तशीच चालू ठेवायची आणि बचत कळा सोसणाऱ्या बाईकडून करून घ्यायची, हे मला पटत नाही.

गॅसच नको, सगळं शिरेतून प्रोपोफॉल देऊन करा, असंही सांगितलं जातं. मी स्वतः बऱ्याच केस तशा करते आणि हवेला होणाऱ्या त्रासाच्या हिशोबाने ते बरंच हलकं आहे. पण त्याला पंप लागतो, झोपेची खोली बघायला मेंदूच्या लहरींचा मॉनिटर असलेला बरा, प्लास्टिकच्या सिरिंज आणि नळ्या जास्त लागतात, आणि उरलेलं प्रोपोफॉल बेसिनमध्ये ओतून चालत नाही, पाण्यातल्या जीवांना ते विषारी आहे, ते जाळायलाच पाठवावं लागतं. ज्याला सवय नाही त्याच्यावर हे वरून लादू नये. जिथे हाता-पायाचं किंवा पोटाच्या खालच्या भागाचं ऑपरेशन असेल आणि पेशंटला चालत असेल तिथे नुसती मणक्यातली भूल किंवा नर्व्ह ब्लॉक, म्हणजे तेवढ्या भागाच्या नसा बधिर करणारं इंजेक्शन, दिला तर गॅसचा प्रश्नच उरत नाही, ते आम्ही पूर्वीपासून करतोच, अजून करावं. छतावर जाणारा गॅस कोळशाच्या डब्यात पकडायची यंत्रंही विकायला येतात, पण प्रत्यक्षात दिलेल्या औषधाचा बराच भाग त्यांच्या हाती लागत नाही, त्यामुळे फ्लो ६ लिटरवर ठेवून वर डबा लावणं हा उपाय मला मान्य नाही.

काही जण, आणि त्यात अभ्यासू लोक आहेत, म्हणतात की जगाच्या एकूण प्रदूषणात भुलीचा गॅस म्हणजे नगण्य, सेव्होफ्लुरेन तर लवकर नष्ट होतं, कशाला डॉक्टरांच्या मागे लागता. सेव्होफ्लुरेनबद्दल त्यांचं बरंचसं बरोबर आहे आणि म्हणूनच मी त्याला खलनायक ठरवत नाहीये. शेतीतून येणारा नायट्रस हॉस्पिटलच्या कितीतरी पट आहे हेही खरं. पण शेतीतल्या नायट्रसला धान्याचं उत्तर द्यावं लागतं, कारखान्याला रोजगाराचं. मॅनिफोल्डच्या गळतीला कोणाचंच उत्तर द्यावं लागत नाही, ती थांबवली तर एकाही माणसाचं काही कमी होत नाही, उलट हॉस्पिटलचे पैसे वाचतात आणि थिएटरमधल्या सिस्टर, टेक्निशियन, सर्जन यांच्या श्वासात कमी गॅस जातो. दीर्घकाळ नायट्रसमध्ये वावरलं तर बी-१२ जीवनसत्त्वाचं काम बिघडतं, हे काही नवीन नाही.

वाचकांपैकी कोणाचं ऑपरेशन होणार असेल तर त्यांनी घाबरू नये, तुमच्या भुलीत काटकसर करा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पेशंटला लागतं ते औषध लागतं तेवढंच मिळालं पाहिजे, आणि कुठल्या पेशंटला कुठली भूल हे त्याच्या भूलतज्ज्ञानेच ठरवायचंय. माझं म्हणणं हॉस्पिटल चालवणाऱ्यांना आहे. डेसफ्लुरेन खरेदीच्या यादीतून काढा, औषधाचं प्रमाण दाखवणारे मॉनिटर नसतील तिथे आणा, आणि नायट्रसची बिलं घेऊन एकदा भूल विभागासोबत बसा.

ज्या हॉस्पिटलनी सेंट्रल नायट्रस आधीच बंद केलाय त्यांनी ते कसं केलं, काय अडचणी आल्या, अलार्मचं काय केलं, स्टाफने काय शंका काढल्या, हे तुमच्या याच सदरात लिहावं अशी माझी विनंती आहे. बंद करायला तयार असलेले पण पहिलं पाऊल टाकायला बिचकणारे बरेच जण मला माहीत आहेत, त्यांना त्याचा खूप उपयोग होईल.

आपली,
एक भूलतज्ज्ञ